बोरघाटातले उलटे स्थानक

पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते, मागे जादा इंजिने लागतात आणि फलाटावरचा वडापाव हातात पडतो न पडतो तोच ती घाट चढायला लागते. पळसदरी, जांब्रुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल ही नावे एकेक करत मागे पडतात आणि खंडाळ्याला हवा बदलते. या मालिकेत मंकी हिल आणि खंडाळा यांच्या दरम्यान एके काळी आणखी एक नाव होते. सरकारी कागदांत ते ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ असे नोंदले गेले. स्वतःचे गावही नसलेले हे स्थानक. २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. तेव्हापासून १९२९ पर्यंत, म्हणजे तब्बल ६६ वर्षे, मुंबई-पुणे गाडीने केलेला एकही प्रवास या ठिकाणी थांबल्यावाचून पुरा झाला नाही. आज त्या मार्गाने रोज जाणाऱ्यांनाही ते कुठे होते हे सांगता येत नाही.

हे स्थानक प्रवाशांसाठी नव्हतेच, इंजिनासाठी होते. खालून आलेली गाडी डोंगराच्या एका सोंडेवर येऊन उभी राही. पुढे रूळ संपलेले आणि त्यापलीकडे दरी. मग इंजिन सोडवायचे, बाजूच्या रुळावरून गाडीच्या दुसऱ्या टोकाला न्यायचे, तिथे जोडायचे, की आतापर्यंत शेपूट असलेला डबा पुढे होऊन गाडी वरच्या अंगाने निघायची. मुंबईहून इंजिनाकडे तोंड करून बसलेला प्रवासी इथून पुढे पाठमोरा खंडाळ्याला पोचे. परतीच्या वाटेवरही हाच खटाटोप. न्यायमूर्ती रानडे, आगरकर, टिळक, गोखले यांच्यापासून दौऱ्यावर निघालेल्या नाटक कंपन्यांच्या पडद्यांपर्यंत आणि दख्खनच्या कापसाच्या गाठींपर्यंत सगळ्यांची तोंडे इथे एकदा फिरली. १९३२ मध्ये पुणे कराराच्या वाटाघाटींसाठी मुंबईहून धावत आलेले पुढारी मात्र नव्या बोगद्यांतून थेट वर गेले. तोवर जुन्या जागी गवत माजू लागले होते.

एवढी उलटापालट कशासाठी, याचे उत्तर सह्याद्रीच्या बांधणीत आहे. कोकणातून पाहिले तर हा डोंगर नसून तुटलेल्या पठाराची कड आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला काळा कातळ पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरतो आणि मधल्या घळींतून पावसाळ्यात पाणी कोसळते. बैलगाडी असल्या चढावर वळणे घेत जाते. आगगाडीचे तसे नाही. लोखंडी रुळावर लोखंडी चाक, त्यामुळे घसरण्याची भीती चढतानाही आणि उतरतानाही. जीआयपी अर्थात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स बर्कली यांनी या घाटासाठी जो कमाल चढ धरला तो सदतीसास एक, म्हणजे ३७ फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. रेल्वेच्या हिशेबात हा चढ भयंकर समजला जातो. ही मर्यादा न ओलांडता १,८३१ फूट उंची गाठायची तर सुमारे १६ मैलांची वाट हवी, आणि ती वाट डोंगराच्या अंगावर कुठेतरी मावली पाहिजे. खंडाळ्याच्या खालच्या अंगाला ती मावेना. गाडीला वळवून वर न्यायचे तर त्या अरुंद सोंडेवर रुंद वळणाला जागा नव्हती. सोंडेच्या आरपार लांब बोगदा काढायचा तर तो हाताने खोदायला किती वर्षे लागतील याचा अंदाज करवत नव्हता. तेव्हा वळायचेच नाही, थांबून उलटे जायचे, असा तोडगा निघाला. उत्तरेला कसाऱ्याच्या बाजूला, थळघाटातही असेच एक स्थानक करावे लागले.

बर्कली हे रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या तालमीतले. कंपनीच्या भागधारकांना सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. नफ्याची अशी हमी मिळालेल्याला काटकसरीची चाड कशाला राहील, अशी टीका त्या व्यवस्थेवर तेव्हाही होत होती आणि ती बिनबुडाची नव्हती. परंतु उलट्या स्थानकाच्या बाबतीत पैशापेक्षा वेळेचा तगादा मोठा होता, असे आम्हाला वाटते. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. १८५६ मध्ये रूळ खोपोलीला, घाटाच्या पायथ्याशी पोचले. घाटमाथ्यावरचा खंडाळा-पुणे मार्ग १८५८ च्या जूनमध्ये सुरूही झाला आणि १८६० पर्यंत तो पुढे सोलापूरला भिडला. म्हणजे खाली गाडी, वर गाडी आणि मध्ये डोंगर! पाच वर्षे खोपोलीला उतरून लोक पालखीतून, तट्टावरून नाहीतर पायी खंडाळा गाठत आणि तिथे दुसऱ्या गाडीत बसत. माल उतरवून बैलगाड्यांत भरायचा आणि पुन्हा चढवायचा. वरच्या मार्गावर धावणारी इंजिनेसुद्धा रस्त्यानेच घाटावर न्यावी लागली. हा तुटलेला सांधा जोडण्याची घाई सगळ्यांनाच होती, आणि या घाईची किंमत कोणी मोजली हे पाहिल्याखेरीज त्या स्थानकाचा इतिहास सांगून होत नाही.

घाटाचे कंत्राट आधी विल्यम फेव्हिएल यांना मिळाले. बोरीबंदर-ठाणे मार्गही त्यांच्याच भागीदारीने बांधला होता. सपाटीवरचा तो अनुभव घाटात पुरला नाही. २५ बोगदे, आठ मोठे पूल आणि २० लाख घनयार्डांच्या आसपास खोदाई, असा एकूण पसारा. पावसाळ्याचे चार महिने काम जवळजवळ ठप्प, म्हणून उरलेल्या आठ महिन्यांत माणसे अक्षरशः ओतायची. पहारीने आणि छिन्नीने कातळाला भोक पाडायचे, त्यात बंदुकीची दारू ठासायची, वात लावायची आणि पळायचे. जिथे उभे राहायलाही जागा नाही तिथे कड्यावरून दोर सोडून माणसे खाली उतरवली जात. दोराला लोंबकळत त्यांनी पाय टेकण्यापुरती खाच पाडली, की त्या खाचेतून पुढचे काम सुरू होई. बायका आणि पोरे पाट्या वाहत. कुटुंबेच्या कुटुंबे घाटात झोपड्या घालून राहिली होती, आणि पाणी मिळेल ते प्यायचे अशी स्थिती असल्यावर पटकी आल्याशिवाय कशी राहणार? ती आली, पुन्हा पुन्हा आली.

१८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगल उसळली. मजूर आणि कंपनी यांच्यामध्ये कंत्राटदार, त्यांच्याखाली उपकंत्राटदार, मग मुकादम अशी उतरंड होती, आणि वरून सुटलेला पैसा तळापर्यंत पोचताना झिरपून जाई. चौकशी झाली, फेव्हिएल यांनी काम सोडले आणि पुढल्याच वर्षी सरकारने एक कायदा आणला. रेल्वे आणि इतर सार्वजनिक कामांवरचे मजूर व मालक यांच्यातले तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढावेत असे त्यात होते. बुडालेली मजुरी मिळवून देण्याची सोय त्यात होती हे खरे. पण कराराप्रमाणे कामावर न राहणाऱ्या मजुराला शिक्षा करण्याचीही होती. आपल्याकडच्या आरंभीच्या कामगारविषयक कायद्यांपैकी हा एक. मुंबई-पुणे प्रवासाच्या सोयीपोटी तो जन्माला आला, हे कामगार चळवळीच्या इतिहासातही फारसे सांगितले जात नाही.

फेव्हिएल यांच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आले. भारतात उतरल्यावर महिनाभराच्या आत ते आजाराने दगावले. त्यांची पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट सोडले नाही. अ‍ॅडमसन आणि क्लाऊझर या दोन अभियंत्यांना हाताशी धरून त्यांनी ते तडीस नेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला एका विधवेने एवढे मोठे बांधकाम पुरे करावे, ही कुठल्याही देशात नवलाची गोष्ट ठरली असती. १८६१ च्या जानेवारीत तर या १६ मैलांवर एकाच वेळी ४२,००० हून अधिक माणसे राबत होती. घाटाच्या सगळ्या वर्षांत मिळून किती मेली? अभ्यासकांचे अंदाज २५ हजारांच्या घरात जातात. हा अंदाजच आहे, कारण मजुरांच्या मरणाची नोंद ठेवण्याची तेव्हा कोणाला गरज भासली नव्हती. खोदलेल्या कातळाचा घनयार्डात हिशेब आहे. बर्कली स्वतःही मार्ग सुरू झालेला पाहू शकले नाहीत. प्रकृती ढासळल्याने ते इंग्लंडला परतले आणि १८६२ मध्ये निवर्तले.

मेलेल्यांची नोंद कागदाने ठेवली नाही, तरी लोकांनी आपल्या परीने ठेवली. खोपोलीहून जुन्या रस्त्याने घाट चढताना शिंगरोबाचे देऊळ लागते. शिंगरोबा हा धनगर. गोऱ्या साहेबाला घाट चढण्याची वाट सापडेना तेव्हा गुरामेंढरांमागे हिंडून डोंगर पाठ झालेल्या या माणसाने ती दाखवली. बक्षीस काय हवे असे विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि साहेबाने त्याला गोळी घातली, अशी कथा आहे. कथेला कागदोपत्री आधार नाही, आणि अभियंत्यांची मोजणीची पद्धत पाहता एकट्या माणसाने वाट दाखवली असे घडले असेल हेही कठीण दिसते. तरीही ती खोटी म्हणून बाजूला सारता येत नाही. डोंगर ठाऊक असलेली माणसे मोजणीदारांना लागली असणारच. त्यांच्या श्रमावर घाट उभा राहिला आणि त्यांच्या पदरात काही पडले नाही, एवढे तरी त्या कथेत शंभर टक्के खरे आहे. ट्रकचालक अजून गाडीचा वेग कमी करतात, खिडकीतून हात बाहेर काढून देवळाच्या दिशेने नाणे टाकतात आणि गिअर बदलून पुढे जातात.

उलटे स्थानक चालू झाले म्हणून घाट माणसाळला असे नव्हे. १८६७ च्या पावसाळ्यात घाटातला एक मोठा पूल कोसळला. १८६९ मध्ये उतारावर ताबा सुटलेली गाडी थेट रिव्हर्सिंग स्टेशनाचे टोक ओलांडून गेली. या जागेचा धोका हाच होता. इतर स्थानकांत न थांबलेली गाडी पुढच्या स्थानकाकडे जाते, इथे न थांबलेली गाडी दरीकडे जाई. घाटासाठी खास बनवलेल्या इंजिनांना चाकांऐवजी रुळांवर दाबून बसणारे जादा ब्रेक असत. उतारावर ठिकठिकाणी चढत्या दिशेने वळवलेल्या बाजूच्या मार्गिका ठेवल्या गेल्या. सांधे एरवी त्या मार्गिकेकडेच लावलेले असत, म्हणजे सुटलेली गाडी आपोआप तिकडे जाऊन चढावर दमेल. गाडी नीट थांबली, चालकाने खूण दिली, की मगच सांधा मुख्य मार्गाकडे फिरायचा. कॅच सायडिंगचे हे तत्त्व या घाटात पुढेही टिकले आणि उतरताना गाड्या थांबवून ब्रेक तपासण्याची शिस्तही त्याच घराण्यातली आहे. बेशिस्तीला या घाटाने कधी क्षमा केली नाही, म्हणून शिस्त मुरली.

स्थानकाचा शेवट विजेने झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई-पुणे वाहतूक इतकी वाढली होती की प्रत्येक गाडीने अर्ध्या वाटेत इंजिनाचे टोक बदलत बसणे परवडेना. ज्या उंचीने गाड्यांना जेरीस आणले, तीच उंची तोवर दुसऱ्या कामी लागली होती. टाटांनी लोणावळ्याची तळी भरून ते पाणी घाटाखाली खोपोलीला सोडले आणि १९१५ पासून त्यावर मुंबईसाठी वीज निघू लागली. जीआयपीने मात्र ठाकुर्लीला आपले स्वतःचे वीजघर उभारले. १९२५ मध्ये मुंबईत बोरीबंदर-कुर्ला विजेची गाडी धावली आणि १९२९ च्या नोव्हेंबरपर्यंत तारा पुण्याला पोचल्या. त्याच सुमारास मंकी हिल ते खंडाळा नवा मार्ग बोगद्यांतून काढण्यात आला. सुमारे ७० वर्षांपूर्वी जो बोगदा खोदायचा धीर झाला नव्हता, तो आता यंत्रांनी खोदला. चढ तोच राहिला, सदतीसास एक. फक्त उलटे फिरणे संपले. घाटात आलेल्या विजेच्या मालगाडी-इंजिनांना रेल्वेच्या माणसांनी ‘खेकडा’ म्हणून नाव ठेवले आणि १ जून १९३० रोजी दख्खनची राणी धावू लागली. राणीच्या वाढदिवसाला आजही पुणे स्थानकावर केक कापला जातो. तिच्यासाठी वाट मोकळी करून देणाऱ्या स्थानकाची पुण्यतिथी कोण कशाला पाळील?

इथे तक्रारीचा सूर लावण्याचा हेतू नाही. बिनकामाची झालेली प्रत्येक गोष्ट जपायची म्हटले तर रेल्वेला गाड्या चालवायला फुरसत मिळणार नाही. सह्याद्रीतल्या तीन मार्गिका आणि त्यांवरची दरडींची टांगती तलवार सांभाळणे हेच मोठे काम आहे. प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडे रेल्वेचा वारसा म्हटला की जे अजून चालते तेच डोळ्यांपुढे येते. दार्जिलिंग, निलगिरी, कालका-शिमला या तीन डोंगरी रेल्वे युनेस्कोच्या यादीत आहेत, आमच्या माथेरानच्या राणीवर लेख निघतात, मुंबईचे मुख्य स्थानक जागतिक वारसा आहे. हे सगळे योग्यच आहे. पण या डोंगरी रेल्वे मुख्यतः थंड हवेच्या ठिकाणी नेणाऱ्या छोट्या गाड्या. बोरघाट हा रुंद रुळांचा, पूर्ण वजनाच्या गाड्यांचा आणि दख्खनचे अर्थकारण बदलणारा मार्ग होता. तो इतका उपयोगाचा होता की त्याला सतत सुधारावे लागले, आणि सुधारता सुधारता त्याची जुनी खूण पुसली गेली. यशस्वी झाल्याची ही शिक्षा म्हणायची!

ऑस्ट्रेलियातल्या लिथगोचे उदाहरण या संदर्भात पाहण्याजोगे आहे. सिडनीहून पश्चिमेला ब्लू माउंटन्स ओलांडताना तिथल्या अभियंत्यांनीही हाच तोडगा काढला होता. १८६९ मध्ये खुला झालेला तो नागमोडी मार्ग १९१० मध्ये दहा बोगदे खोदून बाजूला टाकला. इथवरची कथा बोरघाटाचीच. पुढे मात्र हौशी मंडळींनी ती जागा हाती घेतली, १९७५ पासून तिथे पर्यटकांची गाडी सुरू केली, २०१२ मध्ये ती बंद पडली, आणि पुष्कळ खटपटीनंतर २०२३ मध्ये पुन्हा धावली. बोरघाटात असे काही करावे अशी सूचना आम्ही करणार नाही. लिथगोला डोंगर रिकामा होता. इथे एकाच घळीत लोहमार्ग, जुना रस्ता, द्रुतगती मार्ग आणि विजेच्या वाहिन्या कोंबलेल्या आहेत. अमृतांजन पूल, जो १८३० सालचा म्हणून ओळखला जाई, तो एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीचा रिकामा रस्ता पाहून स्फोटाने पाडला गेला. त्याच्या खांबांपाशी वाहने तुंबत, अपघात होत, त्यामुळे तो निर्णय चुकीचा होता असे म्हणवत नाही. आता द्रुतगती मार्गाच्याच घाटाला वळसा देण्यासाठी ‘मिसिंग लिंक’ आखली गेली, तिच्यात जवळपास नऊ किलोमीटरचा बोगदा आहे. उद्या खंडाळ्याच्या घाटातल्या रस्त्याचीही तीच गत होईल जी १९२९ मध्ये रुळांची झाली. बोरघाटात प्रत्येक नवी वाट जुनीला निवृत्त करत आली आहे.

म्हणून मागणी छोटी आहे. मध्य रेल्वेकडे जीआयपीच्या वारशाने आलेले जुने नकाशे, आराखडे आणि घाटाच्या कामाची छायाचित्रे अभ्यासकांना सहज पाहता येतील अशी खुली करावीत. जुन्या मार्गाची आखणी आजच्या नकाशावर नेमकी कुठून जाते, कोणता बोगदा शिल्लक आहे, कोणता रस्त्याखाली गेला, याची एकदा जागेवर जाऊन मोजणी व्हावी. पावसाळा संपल्यावर एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनाही हे काम जमण्यासारखे आहे. आणि एक फलक लावावा. उलट्या स्थानकाच्या जागी तो लावणे कठीण आहे. लोहमार्गाची हद्द, वेगवान वाहतूक आणि निसरडा उतार यांत बघ्यांना बोलावणे म्हणजे नसते संकट ओढवणे. खंडाळा स्थानकाच्या फलाटावर भिंत आहे, तिथे तो चालेल. त्यावर आराखडा असावा, म्हणजे गाडी कशी येई आणि कशी जाई हे मुलांना कळेल. बर्कली, फ्रिअर, ट्रेडवेल दांपत्य यांची नावे त्यावर येतीलच, यायलाही हवीत. मजुरांची नावे देता येणार नाहीत, पण एका महिन्यात इथे ४२,००० माणसे होती हा आकडा द्यायला हरकत नसावी. मजकूर आधी मराठीत लिहावा आणि मग त्याचा इंग्रजी तर्जुमा करावा. खर्च फार येणार नाही.